स्कॉच व्हिस्की: एक टन माल्ट, तीन पिंपं आणि मधले सगळे शब्द

कोकणकडा

स्कॉचच्या बाटलीवरचे शब्द कायद्याने ठरवून दिलेले असतात. डिस्टिलरीतले शब्द तिथं काम करणाऱ्यांच्या तोंडचे असतात. दोन्ही एका दमात वाचायला गेलं की 'सिंगल', 'फर्स्ट फिल', 'पीपीएम', 'कट' यांची खिचडी होते. म्हणून या धाग्यात एक टन माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) धरू आणि तो बाटलीपर्यंत कसा पोचतो ते हिशेबाने पाहू. आकडे सर्वसाधारण आहेत, डिस्टिलरीगणिक थोडे खालीवर होतात.

माल्ट. बार्ली म्हणजे सातू. दाण्यात स्टार्च भरपूर असतो, पण यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याला साखर लागते. स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मोड येताना दाण्यातच तयार होतात. मटकीला मोड आणतो तसंच हे, फक्त इथं मोड वाढू द्यायचा नसतो. सातू साधारण दोन दिवस आलटून पालटून पाण्यात आणि हवेवर ठेवतात. ओलावा १२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. सलग पाण्यात बुडवून ठेवला तर दाणा गुदमरतो, म्हणून मधेमधे पाणी काढून टाकायचं. मग पाचेक दिवस मोड. जमिनीवर पसरून केलं तर त्याला फ्लोअर माल्टिंग म्हणतात. दर काही तासांनी तो थर उलथावा लागतो, नाहीतर खाली उष्णता साठते आणि मुळं एकमेकांत गुंतून त्याची चटई होते. दाणा तयार झाला का हे पाहायची जुनी रीत अशी: तो बोटांत चिरडून भिंतीवर ओढायचा. खडूसारखी पांढरी रेघ उमटली की समजायचं आत पीठ मोकळं झालं आहे. चिकट गोळा राहिला तर अजून वेळ आहे.

तिथंच मोड थांबवायचा, नाहीतर रोप आपली साखर आपणच खाऊन टाकेल. थांबवायला भट्टीत वाळवतात, म्हणजे किल्निंग. ओलावा ४-५ टक्क्यांवर आणतात, पण एन्झाइम्स जगायला हवीत म्हणून सुरुवातीला आच बेताची ठेवतात. पीटचा (दलदलीत साठलेल्या कुजक्या वनस्पतींच्या इंधनाचा) धूर द्यायचा असेल तर तोही सुरुवातीलाच, दाणा ओलसर असताना. कोरड्या दाण्याला धूर नीट चिकटत नाही.

आज बहुतेक डिस्टिलऱ्या माल्ट बाहेरच्या मोठ्या माल्टिंग कारखान्यांतून घेतात. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक आपला सगळा माल्ट स्वतः करते. लॅफ्रॉइग, बोमोर, बॅल्व्हेनी थोडा भाग स्वतः करतात.

भरडा. माल्ट भरडतात, पीठ करत नाहीत. ठरलेलं प्रमाण म्हणजे २० टक्के टरफल, ७० टक्के रवा, १० टक्के पीठ. टरफल फेकून देत नाहीत, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. पीठ जास्त झालं की गाळणी तुंबते. भरड जाड राहिली की साखर चोथ्यातच राहते.

मॅश टन. इथला 'टन' वजनाचा नव्हे. जाळीदार तळाच्या मोठ्या भांड्याचं ते नाव आहे. भरड्यावर पहिलं पाणी साधारण ६४ अंश सेल्सिअसचं, टनाला चारेक हजार लिटर. त्यातून गोड रस निथळतो, त्याचं नाव वर्ट. मग दुसरं पाणी ७५ अंशांच्या आसपास. तिसरं त्याहून गरम, उकळीच्या जवळ जाणारं. तिसऱ्या पाण्यात साखर थोडीच उतरते, म्हणून ते आंबवायला न पाठवता पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून वापरतात. उरलेला चोथा, म्हणजे ड्राफ, गुरांना जातो.

आपल्या एका टनातून साधारण ५,००० लिटर वर्ट मिळतो. आंबवण आणि भट्टी पुढच्या प्रतिसादात लिहितो.

---

सह्यवारा

उत्तम सुरुवात. दोन प्रश्न. पहिलं पाणी ६४ अंशांचंच का, सरळ उकळतं का नको? आणि बिअर करताना वर्ट उकळतात, इथं का नाही?

---

रसायनी

@सह्यवारा, दोन्ही उत्तरं एन्झाइम्समध्येच आहेत.

सातूचा स्टार्च साठीच्या पुढे गेल्याशिवाय नीट फुलत नाही, आणि न फुललेल्या स्टार्चवर एन्झाइम्सचं फारसं चालत नाही. दुसरीकडे बीटा-अमायलेज हे मुख्य साखर करणारं एन्झाइम ६७-६८ च्या पुढे झपाट्याने मरतं. या दोन भिंतींमधली फट अरुंद आहे आणि ६४ अंश त्या फटीत बसतो. पहिलं पाणी ७० अंशांचं घातलं तर स्टार्च तुटेल खरा, पण लांब साखळ्यांची डेक्स्ट्रिन्स उरतील. ती यीस्टला पचत नाहीत, त्यामुळे अल्कोहोल कमी मिळतं. एकदा एन्झाइम्स मेली की तापमान खाली आणून उपयोग नसतो, तो घाणा गेलाच.

न उकळण्याचं कारण: वर्ट थंड करून आंबवायला जातो तेव्हाही त्यात थोडी एन्झाइम्स जिवंत असतात. उरलेली डेक्स्ट्रिन्स ती पुढचे दोन दिवस तोडत राहतात. बिअरला अंगात थोडी उरलेली साखर हवी असते, व्हिस्कीला ती शेवटच्या कणापर्यंत आंबवायची असते. कायद्यातही हे आहे: स्कॉचसाठी बाहेरून एन्झाइम घालता येत नाही, धान्यातलंच चालतं.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती. वर्ट नितळ काढला की गढूळ, यावर चव फिरते. घाईने उपसला तर पीठ आणि स्निग्धांश सोबत येतात आणि दारूला शेंगदाण्याची, भाजलेल्या धान्याची चव येते. सावकाश, स्वच्छ निथळू दिला तर फळांचा वास पुढे येतो. उपकरण तेच, माल्ट तोच, फरक पंप किती जोरात चालवला याचा.

---

कोकणकडा

@रसायनी, बरोबर, ते राहिलंच होतं. आता पुढचा भाग.

वॉशबॅक. ५,००० लिटर वर्ट १६ ते २० अंशांपर्यंत थंड करून आंबवायच्या उंच पिंपात, म्हणजे वॉशबॅकमध्ये जातो. ही पिंपं लाकडाची, बहुधा डग्लस फर किंवा लार्चची, नाहीतर स्टीलची. यीस्ट घातलं की तासाभरात फेस उठायला लागतो. वर फिरणारी पाती असतात, ती फेस कापत राहतात. आतलं तापमान आपोआप ३३-३४ अंशांपर्यंत चढतं. सुरुवातच गरम वर्टने केली तर ते ३५ च्या वर जातं, यीस्ट दमून मरतं आणि साखर तशीच उरते. ही उरलेली साखर पुढे भट्टीत वाफेच्या नळ्यांवर करपते आणि जळका वास थेट दारूत उतरतो.

४८ तासांत अल्कोहोल होऊन जातं. पण बऱ्याच डिस्टिलऱ्या ७०, ९०, कुठे शंभराच्या वर तास थांबतात. त्यांना अल्कोहोल वाढवायचं नसतं. यीस्ट मंदावल्यावर लॅक्टिक बॅक्टेरिया कामाला लागतात, आंबटपणा वाढतो आणि फळांच्या वासाची एस्टर्स तयार होतात. ज्यांना सफरचंद-नासपतीचा वास हवा ते थांबतात. ज्यांना धान्याचा, जड बाज हवा ते लवकर उपसतात.

शेवटी हातात येतं ते वॉश, ८ टक्क्यांच्या थोडं वर. आपल्याकडे हातभट्टीवरच्या छाप्याच्या बातमीत 'रसायन नष्ट केले' असं छापून येतं, त्या रसायनाच्या जागी हे वॉश.

भट्टी. स्कॉच माल्ट तांब्याच्या भांड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, बहुधा दोनदा ऊर्ध्वपातित करतात. पहिली भट्टी वॉश स्टिल. ५,००० लिटर घातले की साधारण एक तृतीयांश बाहेर येतं, २२ ते २५ टक्क्यांचं. त्याला लो वाइन्स म्हणतात. मागे उरतं ते पॉट एल. या भट्टीत मोठा धोका फेसाचा. मानेवर काचेच्या खिडक्या असतात. फेस वरच्या खिडकीपाशी आला की वाफ कमी करायची. नाही केली तर फेसासकट वॉश मान ओलांडून कंडेन्सरमध्ये जातं आणि लो वाइन्स घाण होतात.

दुसरी भट्टी स्पिरिट स्टिल, आणि खरी कसोटी तिथं. तिच्यात आदल्या घाण्याची राखून ठेवलेली पहिली आणि शेवटची धार लो वाइन्समध्ये मिसळून घालतात. येणारी धार तीन भागांत तोडतात, या तोडण्याला कट म्हणतात: सुरुवातीचे फोरशॉट्स, मधलं हार्ट, शेवटचे फेंट्स. पिंपात जातो फक्त मधला भाग.

हिशेब: एका टनातून मिळतं ते निव्वळ अल्कोहोलच्या भाषेत साधारण ४१० लिटर. हार्ट सरासरी ७० टक्क्यांचं धरलं तर ५८५ लिटर स्वच्छ, पाण्यासारखी रंगहीन दारू. हिला न्यू मेक म्हणतात. व्हिस्की म्हणायला अजून किमान तीन वर्षं.

---

गोंयकार

फेणी करणाऱ्यांना हे लगेच कळेल. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा उतरवली की उर्राक, आणि ती पुन्हा भट्टीत घातली की फेणी. लो वाइन्सची जागा उर्राकची. फरक असा की उर्राक हंगामात लोक आवडीने पितात, लो वाइन्स कुणी पीत नाही.

मराठीत 'पहिल्या धारेची' हा कौतुकाचा शब्द आहे. स्कॉचमध्ये पहिली धार पिंपात जात नाही, मग ती फेकतात का? आणि ती कुठे तोडायची हे कशावरून ठरवतात?

---

रसायनी

फेकत नाहीत. फोरशॉट्स आणि फेंट्स दोन्ही एकाच टाकीत जमा होतात आणि पुढच्या घाण्याच्या लो वाइन्समध्ये मिसळतात. त्यात अल्कोहोल भरपूर असतं, ते वाया घालवणं कुणालाच परवडत नाही.

पहिल्या धारेत मिथेनॉल भरलेलं असतं म्हणून ती काढतात, असं बरेचदा लिहिलं जातं. सातूच्या वॉशमध्ये मिथेनॉल मुळातच अगदी थोडं असतं, ते मोठ्या प्रमाणावर पेक्टिनमधून, म्हणजे फळांतून येतं. फोरशॉट्स बाजूला काढायची दोन कारणं. एक, त्यात अॅसिटाल्डिहाइडसारखी तीव्र वासाची हलकी द्रव्यं असतात. दुसरं जास्त व्यवहारी आहे: आदल्या घाण्याच्या शेवटी भट्टीच्या मानेला आणि कंडेन्सरच्या नळ्यांना तेलकट थर बसलेला असतो. नव्या घाण्याची कडक पहिली धार तो थर धुऊन आणते.

हा थर निघून गेला का, हे तपासायची कसोटी फार साधी आहे. स्पिरिट सेफ नावाची पितळी चौकटीची, काचेची, कुलूपबंद पेटी असते. धार तिच्यातून वाहते, स्टिलमन बाहेरच्या दांड्यांनी ती हव्या त्या बाजूला वळवतो. धारेत पाणी मिसळून ती ४५.७ टक्क्यांवर आणायची. तेल असेल तर मिश्रण दुधाळ होतं. काचेत गढूळपणा दिसतोय तोवर थांबायचं. ज्या क्षणी मिश्रण नितळ राहतं त्या क्षणी दांडा फिरवून धार हार्टच्या भांड्याकडे. याला १० मिनिटं ते अर्धा तास लागतो, कुठे त्याहून जास्त.

हार्टची सुरुवात ७५ टक्क्यांच्या आसपास होते, मग धार उतरत जाते. शेवट कुठे करायचा ही त्या डिस्टिलरीची ओळख. फळांचे, फुलांचे वास आधी येतात. मग धान्य, बिस्किट. धुराच्या वासाची द्रव्यं, म्हणजे फिनॉल्स, जड असल्यामुळे उशिरा येतात. म्हणून ज्यांना धूर हवा ते ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीही जातात, आणि हलकी दारू हवी असलेले बरंच आधी थांबतात. फार खाली गेलं की घामट कातड्याचा, चीजसारखा वास शिरतो आणि तो पिंपातली वर्षंही पुरता घालवत नाहीत.

एक चूक मात्र वरून दिसत नाही. स्पिरिट स्टिलमध्ये घालायचं मिश्रण ३० टक्क्यांच्या खाली असायला हवं. त्याच्या वर गेलं की साठवण टाकीत वर तरंगणारी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळून जातात, भट्टीत एकजीव होऊन जातात, आणि मग कट कितीही नीट घेतला तरी हार्टमध्ये तेल येत राहतं. वरच्या दुधाळ कसोटीत मिश्रण नितळ व्हायचं नावच घेत नाही. उपाय एकच, पाणी घालून ३० च्या खाली आणायचं.

---

वाचनखूण

तांबंच का? स्टील स्वस्त आणि टिकाऊ असताना? आणि भट्टीच्या आकाराने चव बदलते हे खरं की पर्यटकांना सांगायची गोष्ट?

---

रसायनी

दोन्ही खरं. आंबवताना गंधकाची संयुगं तयार होतात: उकडलेला कोबी, रबर, विझवलेली काडेपेटी अशा वासांची. तांबं ती पकडून ठेवतं आणि स्वतः झिजतं. म्हणून भट्टीचे भाग काही वर्षांनी बदलावे लागतात, मानेचा आणि पुढच्या नळीचा पत्रा आधी पातळ होतो.

आकाराचा संबंध वाफेच्या प्रवासाशी आहे. मान उंच असेल तर जड वाफ वर पोचायच्या आत थंड होऊन परत खाली पडते, पुन्हा उकळते. याला रिफ्लक्स म्हणतात. ग्लेनमॉरंजीच्या भट्ट्यांची मान ५.१४ मीटर आहे, तिची दारू हलकी. मानेपासून कंडेन्सरकडे जाणारी नळी म्हणजे लाइन आर्म. ती वर चढत असेल तर रिफ्लक्स वाढतो, लागाव्हुलिनसारखी उतरती असेल तर जड वाफही निसटून जाते.

कंडेन्सरचा फरक तर मोजून दाखवता येतो. आधुनिक शेल अँड ट्यूब कंडेन्सरमध्ये तांब्याच्या शेकडो बारीक नळ्या असतात, वाफेला भरपूर तांबं लागतं. जुन्या पद्धतीत एकच नागमोडी नळी थंड पाण्याच्या हौदात बुडवलेली असते, ती वर्म टब. तिच्यात वाफ पटकन पाणी होते, तांब्याशी गाठ कमी पडते आणि दारू मांसल, गंधकी उतरते. मॉर्टलॅक, टॅलिस्कर, क्रेगेलाकी अजून हीच पद्धत वापरतात. डॅलव्हिनीने १९८६ मध्ये वर्म टब काढून नवे कंडेन्सर बसवले, न्यू मेक बदललं, आणि १९९५ मध्ये पुन्हा वर्म टब बसवावे लागले.

---

सह्यवारा

मग पाण्याचं काय? डोंगरातला झरा, मऊ पाणी, त्यामुळे ती चव, असं जाहिरातींत कायम असतं.

---

कोकणकडा

पाणी लागतं खूप आणि ते थंड लागतं, कंडेन्सरसाठी. उन्हाळ्यात झरा आटला तर डिस्टिलरी बंद ठेवावी लागते. चवीत मात्र त्याचा वाटा लहान आहे. मऊ पाणीच हवं म्हणावं तर ग्लेनमॉरंजी आणि हायलंड पार्क कठीण पाणी वापरतात आणि दोन्ही नावाजलेल्या आहेत. पीटच्या जमिनीतून आलेलं तपकिरी पाणी वापरलं म्हणून दारू धुरकट होत नाही. धूर माल्टमधून येतो.

---

वाचनखूण

त्यावरूनच पुढचं. एका बाटलीवर ५० पीपीएम, दुसऱ्या डिस्टिलरीचा आकडा २५. म्हणजे पहिली दुप्पट धुरकट?

---

रसायनी

नाही. पीपीएम म्हणजे दशलक्षात किती भाग. तो आकडा माल्टवर मोजलेल्या फिनॉल्सचा आहे, बाटलीतल्या दारूचा नाही. टरफलातली बरीच फिनॉल्स चोथ्यासोबत जातात, काही पॉट एलमध्ये राहतात, काही कटनंतर फेंट्समध्ये जातात. न्यू मेकमध्ये ढोबळमानाने माल्टच्या आकड्याचा तिसरा हिस्सा ते निम्मं उतरतं. पिंपात वर्षांगणिक आणखी घटतं. म्हणून एकाच माल्टपासून कट उशिरा घेणाऱ्याची दारू लवकर घेणाऱ्यापेक्षा स्पष्ट धुरकट असू शकते. बोमोरचा माल्ट २५ च्या आसपास, लॅफ्रॉइग चाळिशीत, आर्डबेग ५० च्या वर. पण आर्डबेगच्या स्पिरिट स्टिलला प्युरिफायर नावाची नळी आहे, ती जड भाग पकडून परत भट्टीत सोडते. आकडा मोठा, तरी आत फळंही जाणवतात ती त्यामुळे.

---

पिंपळपान

पिंपांचा भाग मी घेतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: पिंपात ६३.५ टक्क्यांवर भरतात हा नियम नाही, प्रघात आहे. डिस्टिलऱ्या आपापली भरलेली पिंपं ब्लेंडसाठी एकमेकींशी अदलाबदल करतात, सगळ्यांची एकच पातळी असली की हिशेब सोपा जातो. काही जण जास्त टक्क्यांवर भरतात. आपले ५८५ लिटर ६३.५ वर आणायला साठेक लिटर पाणी घालावं लागतं. झाले ६४५ लिटर, म्हणजे २०० लिटरची तीन पिंपं भरून थोडं उरतं.

पिंप ओकचंच आणि ७०० लिटरपेक्षा मोठं नाही, हे कायद्यात आहे. नावं मापावरून: बॅरल २०० लिटर, हॉग्जहेड २५०, बट ५००, क्वार्टर कास्क साधारण १२५. पिंप लहान तितका दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त. क्वार्टर कास्कमध्ये म्हणूनच रंग आणि व्हॅनिला लवकर येतं, पण काळाचं काम लवकर होत नाही.

पिंपात तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. आतून जाळलेल्या लाकडाचा कोळसा गंधक आणि कच्चेपणा ओढून घेतो. लाकडातून व्हॅनिला, नारळ, मसाल्याचे वास दारूत येतात. आणि फळ्यांतून हवा आत-बाहेर होत दारू सावकाश ऑक्सिडाइझ होते. पहिल्या दोन गोष्टी पहिल्या काही वर्षांत जोरात होतात, तिसरीला वेळच लागतो.

बहुतेक पिंपं अमेरिकेतून येतात. बर्बनला, म्हणजे तिथल्या व्हिस्कीला, कायद्याने नवं जाळलेलं ओक लागतं, एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नाही, ते स्कॉटलंडला येतं. त्यात पहिल्यांदा स्कॉच भरली की फर्स्ट फिल. शब्द फसवा आहे: फर्स्ट फिल म्हणजे पिंप नवं नव्हे, स्कॉचसाठी पहिल्यांदा. पुढच्या वेळांना रिफिल. तिसऱ्या-चौथ्या भरणीला लाकडात देण्यासारखं फारसं उरत नाही. मग आतून तासून पुन्हा जाळतात. दमलेलं पिंप म्हणजे वाईट पिंप असं मात्र नाही. धुरकट किंवा नाजूक दारूला वीस-पंचवीस वर्षं ठेवायचं तर रिफिलच बरं, शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) फर्स्ट फिल पिंपात तिची स्वतःची चव पार बुडून जाते.

शेरीच्या पिंपांबद्दल गैरसमज फार आहेत. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला यायची, तीच रिकामी पिंपं वापरली जायची. १९८० च्या दशकात स्पेनने शेरी देशातच बाटलीबंद करायची सक्ती केल्यावर तो मार्ग संपला. आजची शेरी पिंपं बव्हंशी व्हिस्कीसाठीच बनवून, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवून पाठवलेली असतात. रिकामं पिंप बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची काडी जाळायची जुनी सवय होती. तिची अती झाली की बाटलीत फटाक्यांचा वास येतो. तो वास भट्टीतल्या गंधकापेक्षा वेगळा, आणि तो घालवायला तांबं पुढे कुठेच नाही.

एंजल्स शेअर, म्हणजे बाष्पीभवनाने जाणारा वाटा, स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास. ४१० लिटर निव्वळ अल्कोहोलचे १२ वर्षांनी साधारण ३२० उरतात. ४० टक्क्यांवर आणलं तर ८०० लिटर, म्हणजे ७०० मिलीच्या साडेअकराशेच्या घरात बाटल्या. एका टनाचा हिशेब इथं पुरा झाला. पिंप गळलं नाही असं धरून! गळती बहुधा फळीच्या बारीक चिरेतून किंवा सैल कड्यांमुळे होते आणि कोपऱ्यातल्या पिंपाची कळायला महिने लागतात. म्हणून गोदामात हातोडीने ठोकून आवाज ऐकायची पद्धत आहे. भरलेलं पिंप बद्द वाजतं.

---

लेबलवाचक

आता बाटलीवरचे शब्द. २००९ च्या स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्समध्ये पाच प्रकार आहेत.

सिंगल माल्ट: एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या सातूपासून, पॉट स्टिलमध्ये. 'सिंगल' म्हणजे एक डिस्टिलरी. एक पिंप नव्हे. एका बाटलीत शेकडो पिंपांचं मिश्रण असू शकतं. एकाच पिंपाची असेल तर 'सिंगल कास्क' लिहितात. सिंगल ग्रेन: एकाच डिस्टिलरीची, पण त्यात गहू किंवा मकाही चालतो, बहुधा सलग चालणाऱ्या उंच कॉलम स्टिलमध्ये. अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्टचं मिश्रण ब्लेंडेड माल्ट, अनेक ग्रेनचं ब्लेंडेड ग्रेन, आणि माल्ट अधिक ग्रेन म्हणजे ब्लेंडेड स्कॉच. पूर्वी 'प्युअर माल्ट', 'व्हॅटेड माल्ट' असं लिहीत, ते आता चालत नाही.

वय लिहिलं असेल तर ते मिश्रणातल्या सगळ्यात तरुण दारूचं. १२ वर्षांच्या बाटलीत ३० वर्षांचीही असू शकते, ११ ची नाही. पाण्याशिवाय घालता येतो तो फक्त साधा कॅरमेल रंग, ई-१५०ए. म्हणून गडद रंगावरून वय ओळखायचा नाद सोडावा. किमान ४० टक्के अल्कोहोल.

भारतातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. त्यामुळे भारतात बाटलीत भरलेली जी स्कॉच दुकानात दिसते ती सिंगल माल्ट असू शकत नाही. दुसरं, इथल्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो. तो जुन्या ब्रिटिश प्रूफ पद्धतीतून आला आहे: १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ टक्के काढले की ४२.८. लेबलवरचं '७५ प्रूफ' किंवा '२५ अंडर प्रूफ' ते हेच. अमेरिकन प्रूफ वेगळं, तिथं टक्क्यांची सरळ दुप्पट करतात.

---

सह्यवारा

'नॉन चिल फिल्टर्ड' राहिलं. आणि ४६ टक्के हा आकडा त्यासोबतच का दिसतो?

---

लेबलवाचक

लांब साखळीची काही एस्टर्स अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही. ४६ च्या खाली आणलेली दारू थंड झाली किंवा बर्फ पडला की ती बाहेर येतात आणि पेल्यात धुकं दिसतं. ग्राहकाला ते बिघडल्यासारखं वाटतं, म्हणून भरण्याआधी दारू शून्याच्या आसपास किंवा त्याखाली थंड करून गाळतात. त्यासोबत तोंडाला जाणवणारा स्निग्धपणाही थोडा जातो. ४६ किंवा वर ठेवली तर गाळायची गरज सहसा पडत नाही. घरी अशा बाटलीत पाणी घातल्यावर ती धूसर झाली तर दोष नाही, वर रसायनींनी सांगितलेली दुधाळ कसोटी तीच.

---

गोंयकार

शेवटचा प्रश्न. गोव्यात पॉल जॉन, बंगळुरूत अमृत, दोन्ही तांब्याच्या भट्टीतल्या सिंगल माल्ट. मग त्यांच्यावर १२, १८ वर्षं सहसा का दिसत नाहीत?

---

पिंपळपान

गोव्यात वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास उडतं असं धरा. पाच वर्षांनी शंभरातले ६६ उरतात. बारा वर्षांनी ३७. तेवढ्यात स्कॉटलंडमध्ये ७८ उरलेले असतात. पैशाचं नुकसान तर आहेच, पण उष्णतेत दारू लाकडातून फार वेगाने ओढून घेते. दहा वर्षांत टॅनिनचा तुरटपणा सगळ्यावर चढू शकतो, ओला चहाचा चोथा चघळल्यासारखा. म्हणून तिथला ब्लेंडर वय मोजण्यापेक्षा वारंवार नमुना काढून चाखतो आणि तुरटपणा डोकं वर काढायच्या आधी पिंप रिकामं करतो.

शिवाय भारतात कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला सातू वापरतात, स्कॉटलंडमध्ये दोन ओळींचा. सहा ओळींच्या दाण्यात प्रथिनं जास्त, स्टार्च कमी. तेव्हा या धाग्यातला ४१० लिटरचा आकडा गोव्याला जसाच्या तसा लावू नका, तिथं टनामागे कमीच मिळतं.